गेम डिझायनरला यूएक्समध्ये काम मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "सहा वर्षं गेम स्टुडिओत आहे. लेव्हल डिझाईन, बॅलन्सिंग, थोडं ट्युटोरियलचं काम. आता यूएक्समध्ये, म्हणजे ॲप-वेबसाइट लोकांना वापरायला सोपी करायच्या डिझाईनमध्ये, जायचं आहे. पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल का? कोर्स करावा का? पोर्टफोलिओत गेम दाखवले तर चालतील, की कुणी गांभीर्याने घेणार नाही? आणि गेमिफिकेशन, म्हणजे गेमबाहेरच्या कामाला पॉइंट-बॅज लावणं, येतं हे माझं बलस्थान म्हणून पुढे करू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात छोटं आहे, म्हणून आधी तेच: करू नका. का, ते पुढे येईलच. बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल.

मी आठ वर्षं गेम केले आणि आता दहा वर्षांहून जास्त काळ यूएक्समध्ये आहे. गेममधून इकडे येऊ पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या मुलाखती घेतल्या आहेत. त्यांतले जे निवडले गेले नाहीत ते कामात कमी होते असं क्वचितच झालं. आपण नेमकं काय करत होतो हे त्यांना समोरच्याच्या भाषेत सांगता आलं नाही. काही जण तर जे मागे सोडून यायचं तेच मिरवत आले होते.

शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाहीये. ही दोन कामं एकमेकांच्या घरात किती वावरली आहेत ते बघा. युजेबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे माणसांना समोर बसवून वापरताना बघायच्या चाचणीत, 'राइट' (RITE) नावाची एक पद्धत आहे. सगळे सहभागी संपेपर्यंत थांबून जाडजूड अहवाल लिहिण्याऐवजी, अडचण स्पष्ट दिसली की लगेच दुरुस्त करायची आणि पुढच्या माणसासमोर दुरुस्त केलेलंच ठेवायचं. आज बँकिंग ॲपवाले, विमा पोर्टलवाले ती वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००२ साली ती मांडली तेव्हा तिचं उदाहरण होतं 'एज ऑफ एम्पायर्स २' या गेमचं ट्युटोरियल. म्हणजे तुम्ही सकाळी प्लेटेस्ट करून दुपारी लेव्हल बदलता आणि संध्याकाळी परत कुणाला तरी बसवता, ते करायला इकडच्या लोकांना नावासकट एक पद्धत लागली.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या ऑफिसातलं. 'ग्लिच' नावाचा एक ऑनलाइन गेम होता. तो २०१२ च्या शेवटी बंद पडला. तो बनवणाऱ्या टीमने आपसात बोलण्यासाठी जे साधन स्वतःपुरतं उभं केलं होतं, त्याचंच पुढे 'स्लॅक' झालं. त्या टीमचा म्होरक्या स्टुअर्ट बटरफिल्ड, त्याचा त्याआधीचा गेमही असाच अर्धवट राहिला होता आणि त्यातून २००४ मध्ये फोटो ठेवायची साइट 'फ्लिकर' निघाली. एकाच माणसाचे दोन गेम बुडाले आणि दोन्ही वेळा हाती लागलं ते लोकांच्या रोजच्या वापराचं साधन. याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. गेम बनवणाऱ्यांना माणूस पुढच्या क्षणाला काय करू बघेल याचा अंदाज बांधायची सवय लागलेली असते.

सांगायची मुख्य गोष्ट मात्र फरकाची आहे. गेममध्ये अडथळा हाच माल असतो. तो विकत घ्यायलाच माणूस येतो. दरी नसेल तर उडी कशाला मारायची? तुमची सगळी हुशारी अडथळा नेमका किती उंच ठेवायचा यात जाते. यूएक्समध्ये येणाऱ्या माणसाला तुमच्याकडे यायचंच नसतं. त्याला तिकीट रद्द करायचं असतं, रजेचा अर्ज भरायचा असतो, आईचा रिपोर्ट बघायचा असतो. तुमचा स्क्रीन त्याच्या वाटेत आडवा येतो, एवढंच. हे वाचायला सोपं वाटतं. माझ्या हाडात शिरायला दीड वर्ष लागलं, आणि ते कसं शिरलं ते सांगते.

यूएक्समधलं माझं पहिलं मोठं काम रुग्णालयातल्या वॉर्डसाठी होतं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध दिलं याची नोंद नर्सने टॅब्लेटवर करायची. मी रुग्णांची यादी केली. औषध दिलं की ओळीवर टॅप करायचं. हिरवी खूण हलकेच उसळी मारून यायची, ओळ उजवीकडे सरकत नाहीशी व्हायची आणि खालच्या ओळी वर यायच्या. सगळं मिळून साधारण पाऊण सेकंद. गेममध्ये याला आम्ही 'जूस' म्हणायचो. प्रत्येक कृतीला असा काही रसरशीत प्रतिसाद द्यायचा की बटण दाबतानाच मजा यावी. आढावा बैठकीत सगळे खूश होते. एक जण म्हणाला, "आता वाटतंय कुणीतरी डिझायनर आलाय." मी तरंगतच घरी गेले.

नंतर सरावाच्या डेटावर चाचणी घेतली. नर्सबाईंनी हातमोजे घातलेले, टॅब्लेट औषधांच्या ट्रॉलीवर टेकवलेला. त्यांनी पहिल्या ओळीवर टॅप केलं आणि क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्या ओळीवर. पण तेवढ्यात ओळी वर सरकत होत्या. बोट दुसऱ्या रुग्णावर पडायचं ते तिसऱ्यावर पडलं. त्यांनी 'पूर्ववत करा' दाबलं, परत केलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, सॉफ्टवेअरलाही नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या रुग्णापासून त्यांनी एक नवी सवय लावून घेतली: टॅप करायचं, बोट काचेपासून बोटभर वर धरून थांबायचं, ओळी थांबल्या की पुढचं टॅप. चाचणी संपल्यावर विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाल्या, "छान आहे."

ते हवेत थांबलेलं बोट मी अजून विसरलेले नाही. माझ्या उसळी मारणाऱ्या खुणेसाठी ती बाई प्रत्येक नोंदीला पाऊण सेकंद देत होती, तेही एका पाळीत कित्येकदा. गेममध्ये तो पाऊण सेकंद बक्षीस ठरला असता. इथे तो खंडणी होता.

मजा अशी की दुरुस्तीही मला गेममधूनच सुचली. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये खेळाडू कडेवरून पुढे गेल्यावरही काही फ्रेमपर्यंत त्याला उडी मारू देतात, त्याला आपण 'कोयोटी टाइम' म्हणतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद, त्यामुळे खेळाडूला ती सवलत जाणवत नाही. त्याला फक्त वाटतं की गेम आपलं ऐकतोय. तसंच 'इनपुट बफर': आधीचं ॲनिमेशन संपायच्या आत दाबलेलं बटण फुकट घालवायचं नाही, लक्षात ठेवायचं आणि वेळ आली की वापरायचं. दोन्हीमागे विचार एकच आहे, की माणसाने काय केलं यापेक्षा त्याला काय करायचं होतं ते धरायचं. मी ओळी सरकवणंच बंद केलं. नोंद झालेली ओळ जागच्या जागी फिकट होऊ लागली, खूण एक दशांश सेकंदात दिसू लागली, आणि कितीही भराभर टॅप केलं तरी प्रत्येक टॅप ज्या ओळीवर पडला तिचाच धरला जाऊ लागला. एक दशांश सेकंदाचा तो आकडा माझा नाही. तेवढ्या वेळात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, ही मर्यादा युजेबिलिटीतला तज्ज्ञ जेकब निल्सनने १९९३ मध्ये मांडली आणि तिची मुळं १९६८ पर्यंत मागे जातात. यूएक्सच्या पुस्तकातला नियम आणि गेममधली कारागिरी एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

तेव्हा सोबत न्यायचं ते हे: माणसाच्या हेतूचा अंदाज, वेळेची जाण, आणि आपण बनवलेलं कुणीतरी चुकीचं वापरत असताना तोंड बंद ठेवून बघत बसायची सवय. ही तिसरी गोष्ट किती दुर्मीळ आहे हे तुम्हाला इकडे आल्यावरच कळेल. इतर क्षेत्रांतून आलेले हुशार डिझायनर चाचणीत पाचव्या मिनिटाला पुढे वाकून म्हणतात, "नाही नाही, ते वरचं बटण." प्लेटेस्टच्या खोलीत काचेमागे बसून ज्याने आपली लाडकी लेव्हल मातीमोल होताना पाहिली आहे, तो असं वाकत नाही.

आता गेमिफिकेशन. पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड. हे ऐकलं की मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि त्याला कारण आहे. १९७३ सालचा एक प्रयोग मानसशास्त्रात बराच गाजलेला आहे: चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल' असं आधीच सांगितलं. पुढे काही दिवसांनी, कुणीही काही न सांगता, ती मुलं बाकीच्या मुलांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. वरून लावलेलं बक्षीस आतली ओढ खाऊन टाकू शकतं. शिवाय खर्चाचा अहवाल भरणाऱ्या माणसाला बॅज नको असतो, अहवाल लवकर संपायला हवा असतो. पॉइंट लावून त्रासदायक फॉर्म गोड होत नाही. तुम्ही गेम डिझायनर आहात, त्यामुळे पॉइंट म्हणजे गेम नव्हे हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मग मुलाखतीत ते सांगा. 'मला गेमिफिकेशन येतं' यापेक्षा 'गेमिफिकेशन कुठे करू नये हे मला कळतं' या वाक्याने तुमच्याकडे जास्त आदराने पाहिलं जाईल.

याच्याच शेजारचा एक नाजूक विषय आहे. तुम्ही फुकटात खेळायच्या मोबाइल गेमवर काम केलं असेल तर पैशांच्या बाजूबद्दल प्रश्न येणारच. फसव्या इंटरफेससाठी 'डार्क पॅटर्न' हा शब्द हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये रूढ केला, आणि आता सरकारी यंत्रणाही त्याकडे बघतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्ससोबत जी तडजोड जाहीर केली, त्यात २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते. आक्षेपांपैकी एक असा होता की बटणांची रचना विसंगत असल्याने एकाच दाबात नको ती खरेदी होत असे. बटण कुठे ठेवायचं याची किंमत इतकी असू शकते. तेव्हा तुम्ही कधी तसलं काही बनवलं असेल तर लपवू नका. काय बनवलं, तेव्हा काय वाटलं, आज वेगळं काय कराल ते सांगा. अशा उमेदवाराला मी लगेच पुढच्या फेरीत घेतलं आहे. 'मी फक्त सांगितलं ते केलं' म्हणणाऱ्याला नाही.

भाषेकडे येऊ. तुमची निम्मी कामं इकडे वेगळ्या नावाने चालतात. प्लेटेस्ट म्हणजे युजेबिलिटी टेस्ट. ट्युटोरियल म्हणजे ऑनबोर्डिंग. टेलिमेट्री म्हणजे ॲनॅलिटिक्स. खेळाडूला एकेक शक्ती हळूहळू उघडून देता, त्याला प्रोग्रेसिव्ह डिस्क्लोजर म्हणतात. एचयूडीवर, म्हणजे खेळताना स्क्रीनवर दिसणाऱ्या माहितीत, जीव, गोळ्या, नकाशा यांपैकी काय मोठं आणि काय कोपऱ्यात हे ठरवता, ते व्हिज्युअल हायरार्की. हे शब्द आठवड्याभरात पाठ होतील. धोका आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. गेममध्ये 'फ्लो' म्हणजे खेळाडू तहानभूक विसरून रंगून जातो ती अवस्था. यूएक्समध्ये कुणी "चेकआउटचा फ्लो दाखवा" म्हटलं तर त्याला एकामागून एक येणारे स्क्रीन हवे असतात. माझ्या पहिल्याच मुलाखतीत मला "या फ्लोमध्ये काय अडचण दिसते?" असं विचारलं आणि मी आव्हान आणि कौशल्याच्या समतोलावर चार मिनिटं बोलले. समोरचे दोघेही सभ्य होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

आणखी एक सूचना, थोडी खाजगीतली. 'सुपर मारिओ'ची पहिली लेव्हल न बोलता कशी शिकवते हे उदाहरण मुलाखतीत देऊ नका. खरं आहे, सुंदर आहे, आणि गेममधून आलेला प्रत्येक उमेदवार ते देतो.

पोर्टफोलिओबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण घोडं तिथेच अडतं. गेम दाखवले तर चालतात. पण गेमचा पोर्टफोलिओ जग दाखवतो आणि यूएक्सचा पोर्टफोलिओ निर्णय दाखवतो. एका उमेदवाराने मला सल्ल्यासाठी पाठवलेलं पहिलं पान साधारण असं होतं: "धुक्याने वेढलेल्या प्राचीन किल्ल्यातली ही चौथी लेव्हल. इथे खेळाडूला वाडा, भुयार आणि तुटलेला पूल असे तीन टप्पे पार करायचे आहेत. लेव्हलची संकल्पना, मांडणी आणि ब्लॉकआउट माझं." त्याखाली बारा झकास स्क्रीनशॉट. बघून मला तो गेम खेळावासा वाटला, पण या मुलाला नोकरी का द्यावी ते कळलं नाही.

मी त्याला फोनवर विचारलं, या लेव्हलमध्ये कुठे फसलास? तो लगेच म्हणाला, "पुलाजवळ. लोकांना तरफ दिसायचीच नाही." मग? "आम्ही तरफेवर लाइट टाकला, तरी नाही दिसली. मग बाण रंगवला, तोही कुणी बघितला नाही. मग मी लोक खेळताना कॅमेरा कुठे असतो ते बघत बसलो. पुलाकडे येताना सगळे पळत येतात, कारण मागून शत्रू येत असतो. पळताना नजर समोर असते. तरफ डावीकडे होती." मग काय केलंस? "तरफ नाही हलवली, शत्रू काढला." आणि त्याने काय झालं? "लोक चालत यायला लागले. चालताना इकडेतिकडे बघतात ना."

ही झाली केस स्टडी! लोक अडले. पहिले दोन उपाय फसले, कारण दोन्हींत 'त्यांना दिसत नाही' असं गृहीत धरलं होतं. मग निरीक्षणातून खरं कारण सापडलं, की त्यांना बघायला उसंतच नव्हती. आणि उपाय तरफेपासून लांब, वेगळ्याच जागी निघाला. हेच विमा पोर्टलला लावा: लोकांना 'दस्तऐवज जोडा' हे बटण दिसत नाही, म्हणून बटण मोठं केलं, लाल केलं, तरी दिसत नाही; शेवटी कळतं की त्याच स्क्रीनवर 'सत्र ४ मिनिटांत संपेल' असा टायमर पळतोय. मुलाखत घेणाऱ्याला हा दुवा आपोआप दिसतो, तो तुम्ही ओढूनताणून दाखवायची गरज नाही. त्या मुलाने बारापैकी दहा स्क्रीनशॉट काढले आणि पुलाच्या वरून काढलेला, कागदावर पेनाने खेळाडूंच्या वाटा आखलेला एक मळकट नकाशा टाकला. पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याला त्या मळकट कागदाबद्दलच विचारलं गेलं.

अशा तीन गोष्टी लिहा. तिन्ही गेमच्या नकोत. आता "दुसरी आणायची कुठून?" तर लोकप्रिय ॲपचं मनाने केलेलं रीडिझाईन शक्यतो टाळा. ज्या बंधनांमुळे ते ॲप तसं आहे ती तुम्हाला माहीत नसतात, आणि वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत दिसतं. त्यापेक्षा राजीनामा देण्याआधी तुमच्याच स्टुडिओत जा आणि जे काम कुणालाच नको असतं ते मागून घ्या: सेटिंग्जचा मेनू. हसू नका. सेटिंग्ज हा शंभर टक्के यूएक्सचा प्रश्न आहे. पर्याय कसे गटात लावायचे, नाव काय द्यायचं, मूळ मूल्य काय असावं, बदल कसा परतवायचा, काय लगेच लागू व्हावं आणि काय विचारून. तिथेच सुलभतेचं, म्हणजे ज्यांना नीट दिसत किंवा ऐकू येत नाही त्यांनाही वापरता यावं याचं, कामही येतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' हा २०२० चा गेम सुलभतेच्या ६० हून अधिक सेटिंग्ज घेऊन आला, आणि इतक्या सेटिंग्ज माणसाला हरवू न देता मांडणं हीच केवढी मोठी कसरत आहे विचार करा. 'सेलेस्ट'ने २०१८ मध्ये असिस्ट मोड दिला, त्यात गेमचा वेग कमी करता येतो. कष्टाचा गेम बनवणाऱ्यांनीच कष्ट किती घ्यायचे ते खेळाडूवर सोडलं. तुमच्या गेममध्ये यातलं एक टक्का जरी केलंत आणि ते कसं ठरवलं हे लिहिलंत तरी ती पोर्टफोलिओतली सगळ्यात वजनदार केस स्टडी होईल. स्टुडिओत तसं काम मिळालं नाही तर अंतर्गत साधनं बघा. लेव्हल एडिटर वापरताना तुमचे सहकारी दिवसभर शिव्या घालत असतात. ते तुमचे खरेखुरे, पगारी, वैतागलेले युजर आहेत.

गोपनीयतेचा करार असेल तर अप्रकाशित गेमचं काहीही दाखवू नका. चित्रांशिवाय, साध्या चौकोनांनी प्रश्न पुन्हा आखा. मुलाखत घेणारे याला कधीच हरकत घेत नाहीत, उलट करार मोडून स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला उद्या आपलंही असंच दाखवेल म्हणून बाजूला ठेवतात.

शिकायचं काय? खरं सांगायचं तर फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, नव्हे. जो गेम इंजिन चालवतो त्याला फिग्मा पंधरा दिवसांत येतं. कस लागतो तो लोकांना बोलतं करण्यात. आपण गेमवाले बघण्यात तरबेज असतो, विचारण्यात कच्चे. खेळाडूच्या घरी जाऊन 'तुमचा दिवस कसा जातो, काल हे काम करताना काय झालं' असं आपण कधी विचारलेलंच नसतं, कारण गरजच नव्हती. गेमचं जग आपणच बनवलेलं असतं. यूएक्समध्ये जग आधीपासून तिथे असतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं. मुलाखत घ्यायला शिका. 'तुम्हाला हे फीचर आवडेल का?' असं विचारायचं नाही, 'मागच्या वेळी काय केलंत?' असं विचारायचं, एवढं कळलं तरी अर्धी वाट सरली.

दुसरं म्हणजे सुलभतेचे लेखी निकष. गेममध्ये बरंचसं डोळ्यांच्या अंदाजाने चालतं; वेबवर डब्ल्यूसीएजी नावाचे निकष असतात आणि अनेक ठिकाणी त्यांना कायद्याचं पाठबळ असतं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, हा आकडा झोपेत विचारला तरी यायला हवा. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेचा किमान आकारही आला: काही अपवाद सोडता २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल. तिसरं, कंटाळवाणे स्क्रीन. रिकामी यादी, चुकलेला पासवर्ड, तुटलेलं नेटवर्क, अर्धवट भरलेला फॉर्म. नवख्याचा पोर्टफोलिओ सगळं सुरळीत असतानाचे स्क्रीन दाखवतो. गेममध्ये 'खेळाडू इथे मेला तर?' हा प्रश्न तुम्ही आपसूक विचारता. तोच इथे प्रत्येक स्क्रीनला विचारा.

कोर्स शब्दसंग्रह आणि शिस्त मिळावी म्हणून एखादा छोटा करा. प्रमाणपत्र पाहून मी आजवर कुणाला घेतलेलं नाही आणि नाकारलेलंही नाही. पदवी परत घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

हुद्द्याचं म्हणाल तर सहा वर्षांच्या अनुभवावर थेट सीनियर यूएक्स डिझायनर मिळणं कठीण, ज्युनियर स्वीकारणं चुकीचं. मधली पायरी मागा. एक पायरी खाली उतरावं लागेल, हे धरून चला. ती दीड-दोन वर्षांत भरून निघते, कारण प्रोटोटाइप हाताने चालता करून दाखवणारा डिझायनर कुठल्याही टीमला हवा असतो. उडी लांब वाटत असेल तर जवळचे दगड बघा. गेम कंपन्यांमध्येच यूएक्स डिझायनर आणि युजर रिसर्चर असतात. प्रशिक्षणाची सिम्युलेशन्स, व्हीआर, शैक्षणिक सॉफ्टवेअर इथे तुमचा अनुभव थेट मोजला जातो. गाड्यांच्या डॅशबोर्डचं काम तर गेम इंजिनांवर चालायला लागलं आहे. जीएमसीच्या विजेवर चालणाऱ्या हमरचे स्क्रीन अनरियल इंजिनवर बनवले गेले. इंजिन आणि इंटरफेस दोन्ही कळणारी माणसं तिथे कमीच सापडतात.

मुलाखतीत "गेम का सोडताय?" हा प्रश्न हमखास येतो. रात्र-रात्र जागून केलेलं काम, बंद पडलेले प्रकल्प, नोकरकपात हे सगळं खरं असलं तरी त्याचा पाढा वाचू नका. इकडेही कपात होते, इकडेही डेडलाइन असतात, आगीतून फुफाट्यात पडलो असं वाटायचे दिवस येतातच. तुमच्या कामातला कुठला भाग तुम्हाला रात्री घरी आल्यावरही डोक्यात घोळायचा ते सांगा. पुलाजवळ लोक का अडतात हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, तो योग्य दारात उभा आहे. ज्याला किल्ल्याचं धुकं झोपू देत नाही, त्याने, मनापासून सांगते, गेममध्येच राहावं. त्यात कमीपणा काही नाही.

कारण इकडे एक गोष्ट कायमची सुटते. तुमचं काम बघून कुणी ओरडत नाही, उड्या मारत नाही, मित्राला फोन करून सांगत नाही. वॉर्डमधल्या त्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या चाचणीत त्याच नर्सबाई होत्या. त्यांनी भराभर अकरा नोंदी केल्या आणि ट्रॉली पुढे ढकलली. टॅब्लेटकडे परत बघितलंसुद्धा नाही. त्यात आनंद वाटायला मला वेळ लागला. पहिलं वर्षभर मला प्लेटेस्टच्या खोलीतल्या किंकाळ्या आठवायच्या, आणि आठवणीने वाईट वाटायचं.

पोर्टफोलिओचा पहिला मसुदा झाला की दुसऱ्या गेम डिझायनरला दाखवू नका, तो स्क्रीनशॉटच बघेल. कधीच गेम न खेळणाऱ्या कुणाला तरी लॅपटॉप द्या, शेजारी बसा आणि गप्प राहा. कुठे स्क्रोल थांबतं, कुठे भर्रकन पुढे जातं ते लिहून घ्या. मी माझा मसुदा हिशेबनीस असलेल्या मैत्रिणीला दिला होता. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "चित्रं फार छान आहेत गं. पण यात तू काय केलंस?" त्या रात्री मी निम्मी चित्रं काढून टाकली.